बसच्या पत्र्यावरून विमानाच्या पत्र्यावर

आधीच सांगतो, मी घरी किटवरून बांधत असलेलं विमान अजून उडालेलं नाही. शेपूट झालं, दोन्ही पंख झाले, धड लाकडी घोड्यांवर उभं आहे, इंजिन यायचं आहे. म्हणून उड्डाणाबद्दल मी इथे काहीच सांगणार नाही. पत्रा, भोक, रिव्हेट, टाकी, जागा, पैसा आणि कागद यांच्याबद्दल सांगेन. गेली साडेचार वर्षं माझे दिवस त्यातच गेलेत, आणि सुरुवात करण्यापूर्वी हे मला कुणी सांगितलं असतं तर एक स्पार, म्हणजे पंखाची किंवा शेपटाची मुख्य तुळई, आणि सात आठवडे वाचले असते.

माझी नोकरी पुण्याजवळ दापोडीला, एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत झाली. बॉडी शॉप. चासी यायची, तिच्यावर सांगाडा चढायचा, सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, पत्र्यात रिव्हेट. एकतीस वर्षं हेच केलं. रिव्हेट नीट बसला की नाही ते मला रिव्हेट ठोकणाऱ्या गनच्या आवाजावरून कळतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. पुतणी बारामतीला विमान चालवायला शिकली होती. एका दिवाळीत ती म्हणाली, "काका, किटची विमानं पण पत्रा-रिव्हेटचीच असतात. तुम्हाला तर येतंच की सगळं." मलाही तसंच वाटलं. प्रत्यक्षात जे येत होतं त्यातलं निम्मं कामाला आलं आणि निम्मं विसरावं लागलं. हाताचं काम करून निवृत्त झालेल्यांनी हे नीट ऐकावं. आपला हात शिकलेला असतो, पण तो दुसऱ्या कामासाठी शिकलेला असतो.

आमचं किट आरव्ही-९ए. अमेरिकेत ओरेगनमध्ये व्हॅन्स एअरक्राफ्ट नावाची कंपनी आहे, रिचर्ड व्हॅनग्रन्सवेन यांनी सुरू केलेली, तिचं. शेजारी शेजारी दोन माणसं बसतात, पुढे नाकाचं चाक, पंखांचा पल्ला २८ फूट, लांबी वीस फुटांच्या थोडी वर, भरलेलं वजन जास्तीत जास्त १७५० पौंड, म्हणजे सुमारे ७९४ किलो. किट म्हणजे तयार भाग नटबोल्टनं जोडायचे असं नाही. पत्रे कापलेले, वाकवलेले आणि बहुतेक ठिकाणी भोकं पाडलेले येतात. पुढचं सगळं आपण करायचं.

पहिली खरेदी करण्याआधी कागद बघा. अमेरिकेत नियम असा आहे की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी स्वतः केलेलं असेल तर विमान हौशी बांधणीच्या वर्गात बसतं. लोक त्याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. ती त्यांची व्यवस्था झाली. किट त्यांच्या यादीत आहे म्हणून आपल्याकडे आपोआप काही मिळत नाही. आपल्याकडे डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. नोंदणी तिथे, उड्डाणाची परवानगी तिथे. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम २०२४ लागू झाला आहे. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी कुणी काय केलं त्याच्या झेरॉक्सवर विसंबू नका. आपल्या किटचं नाव, वजन, इंजिन, विमान कुठे बांधणार आणि कुठे ठेवणार हे सगळं लिहून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी "होईल हो" याला काही किंमत नाही.

कॅप्टन अमोल यादव यांची गोष्ट मराठी घरांत माहीत आहे. कांदिवलीत राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं, २०१६ मध्ये मुंबईच्या मेक इन इंडिया सप्ताहात ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली. ते विमान त्यांच्या स्वतःच्या आराखड्याचं होतं, किटचं नव्हे, म्हणून त्यांची वाट आपल्यापेक्षा कितीतरी अवघड. पण विमान तयार असणं आणि नोंदलेलं असणं यात किती अंतर असतं, ते त्यांच्या धीरावरून समजून घ्यावं. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे.

कागदाचाच दुसरा अर्धा भाग रोज लिहायचा असतो. आपण हे विमान स्वतः बांधलं, आणि नीट बांधलं, याचा पुरावा म्हणजे वही आणि फोटो. आमच्याकडे वही माझी पत्नी लिहिते. ती गणिताची शिक्षिका होती, तिच्या नोंदीत खाडाखोड नसते. तारीख, तास, नकाशाचं पान, कोणता भाग, कुणी ड्रिल केलं, डॉली, म्हणजे रिव्हेटच्या मागे धरायचा जड ठोकळा, कुणी धरली, काय चुकलं. चुकलेलं लिहायचंच. आणि पत्रा बंद करण्याआधी आतले फोटो काढायचे, कारण एकदा बंद झाला की आत काय आहे ते तुमच्या शब्दावर कुणी का मानावं? आमच्या ओळखीचे एक निवृत्त एएमई आहेत, विमान देखभालीचा परवाना असलेले. प्रत्येक भाग बंद करण्याआधी त्यांना बोलावतो. आरसा आणि टॉर्च घेऊन ते तासभर आत बघतात आणि वहीत सही करतात. असा माणूस किट मागवण्याआधी शोधा.

पैशाचं थोडक्यात. किटची किंमत वाचून हिशोब करू नका. इंजिन, प्रोपेलर आणि उपकरणं मिळून किटइतका किंवा त्याहून जास्त खर्च येतो, त्यावर जहाजाचं भाडं, सीमाशुल्क, हत्यारं, रंग. यातली सोय एवढीच की किट तुकड्यांनी घेता येतं. आधी शेपूट, मग पंख, मग धड, मग फिनिशिंग. आम्ही तिघं भागीदार आहोत: थोरले भाऊ, त्यांची मुलगी आणि मी. माझा पैशातला वाटा लहान, तासांतला मोठा. हे आम्ही पहिल्याच दिवशी लिहून, सही करून ठेवलं. प्रॉव्हिडंट फंडातली किती रक्कम घालायची तो आकडा घरात बसून ठरवा आणि त्याच्या पुढे जाऊ नका. आजारपण सांगून येत नाही.

तासांचं गणित. कंपन्या दीड ते दोन हजार तास सांगतात. रोज चार तास, आठवड्यात पाच दिवस धरले तर दोन वर्षांत व्हायला हवं. माझे साडेचार वर्षांत सतराशे तास झालेत. लग्नं, मोतीबिंदू, आषाढातली दमट हवा, न्हावा शेवाला अडकलेली पेटी. हे सगळं धरून चाला म्हणजे चिडचिड होणार नाही.

जागेसाठी मोठ्या शेडची वाट बघत बसू नका. शेपूट दहा बाय बाराच्या खोलीत होतं. आमचं प्राधिकरणातल्या घराच्या खालच्या खोलीत झालं. पंख पार्किंगमध्ये झाले. धडासाठी मात्र भावाच्या भोसरीतल्या गाळ्यात जावं लागलं. तिथे वीज, उजेड आणि खाली सपाट कोबा आहे. दोनच गोष्टी मोजा: दाराची रुंदी, आणि टेम्पो दारापर्यंत येतो का. पंख नंतर सुटे होतात, ते विमानतळावर नेऊनच धडाला लावायचे. घरात काम करत असाल तर गनचा आवाज लक्षात घ्या. आम्ही दुपारी एक ते चार गन हातात घेतली नाही. त्या वेळात बर, म्हणजे भोकाच्या कडेला उरलेली धातूची धार, काढणं, नकाशा वाचणं, वही. शेजारच्या आजींनी चार वर्षांत एकदाही तक्रार केली नाही.

टेबलं स्वतः बनवा. दोन बाय पाच फुटांची दोन, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून लाकूड आणि जाड एमडीएफ आणून. उंची तुमच्या कोपराला जुळवा. साठीनंतर वाकून काम केलं तर हात दमायच्या आधी पाठ थांबवते. कॉम्प्रेसर, एअर लाइन, कानशी, व्हाइस हे बोहरी आळीत आणि भोसरीत उत्तम मिळतं, आणि जुन्या बाजारातून मी आणलेला हाताचा ड्रिल अजून चालतो. पण काही गोष्टी बाहेरूनच मागवाव्या लागतात. ड्रिल बिट त्यातली एक. ३/३२ इंची रिव्हेटला ४० नंबरचा बिट लागतो आणि १/८ इंचीला ३० नंबरचा. आपल्या बाजारात मिलिमीटरचे बिट असतात. ३० नंबरच्या जागी ३.२ घेतला तर भोक लहान, ३.३ घेतला तर मोठं. फरक केसाएवढा आहे, पण सगळं काम त्या केसावरच आहे. बिट डझनानं मागवा. बोथट बिट दाबून चालवायचा मोह होतो, आणि दाबला की भोक गोल न राहता तीन कोपऱ्यांचं होतं.

क्लिको, म्हणजे पत्रे तात्पुरते एकत्र धरणाऱ्या स्प्रिंगच्या पिना, खूप लागतात, काहीशे. रुपेरी ३/३२ साठी, तांबूस १/८ साठी. शिलाईत टाचण्या लावतात तसे दर दुसऱ्या-तिसऱ्या भोकात लावायचे. रिव्हेट ठेवायला पत्नीनं मिसळणाचे दोन डबे दिले. वाटीवाटीत एकेक माप, झाकणावर तिच्या अक्षरात यादी. रिव्हेटचं नाव वाचायला शिका. एएन४२६एडी३-३.५ म्हणजे: ४२६ हे पत्र्यात सपाट बसणारं डोकं, एडी हा मिश्रधातू, पहिला ३ म्हणजे ३/३२ इंच व्यास, शेवटचे ३.५ म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागात मोजलेली लांबी. एएन४७० असेल तर डोकं गोल. एडीच्या डोक्यावर मधोमध बारीक खळगा असतो. तो खळगा पुढे रिव्हेट काढायची वेळ आली तर ड्रिलचं टोक धरायला उपयोगी पडतो.

आता विसरण्याबद्दल.

बसच्या पत्र्यावर आम्ही स्क्राइबरनं रेघ मारायचो. विमानाच्या पत्र्यावर स्क्राइबर लावायचा नाही. ती रेघ म्हणजे बारीक खाच, आणि हजारो वेळा थरथरल्यावर तडा तिथूनच सुरू होतो. पेन्सिलही नाही. शिसपेन्सिलीतलं ग्राफाइट आणि ॲल्युमिनियम यांत ओलावा आला की धातू खाल्ला जातो. बारीक टोकाचा मार्कर वापरा. माझ्या कानावरची पेन्सिल काढायला मला दोन महिने लागले. हात आपोआप तिकडे जायचा. शेवटी पत्नीनं घरातल्या सगळ्या पेन्सिली नातवाच्या कंपासपेटीत टाकल्या.

दुसरं, भोकं जुळली नाहीत तर ड्रिफ्ट, म्हणजे निमुळती लोखंडी दांडी, घालून ओढून जुळवायची सवय. या किटमधली भोकं कारखान्यातच नेमकी पाडलेली असतात. दोन भागांची भोकं जुळत नसतील तर दहातल्या नऊ वेळा भाग उलटा धरलेला असतो, किंवा डाव्याच्या जागी उजवा असतो. थांबा, नकाशा बघा, चहा घ्या. ताकद लावू नका.

तिसरं बर काढणं. बसच्या कामात भोकाची बर अंगठ्यानं चाचपून पुढे जायचं. इथे प्रत्येक भोकाच्या दोन्ही बाजू आणि प्रत्येक पत्र्याची प्रत्येक कड गुळगुळीत करावी लागते. भोकाला डीबरिंगचे दोन-तीन हलके फेरे बस होतात. जास्त फिरवलं तर भोकाला उतार पडतो आणि पातळ पत्रा कमजोर होतो. कडेवरून नखाची मागची बाजू फिरवा. नख अडकलं तर काम बाकी आहे. हे काम कंटाळवाणं आहे असं सगळे म्हणतात. मला ते आवडतं. सकाळी सातला, रेडिओ लावून, एकेक रिब, म्हणजे पंखाची फासळी, घ्यायची. पंखांच्या रिब करताना मी त्या खोलीत फार शांत होतो.

चौथी गोष्ट मी पैसे मोजून शिकलो. रिव्हेट ठोकल्यावर मागे जे डोकं तयार होतं, त्याची रुंदी व्यासाच्या दीडपट आणि उंची निम्मी असावी. ठोकण्याआधी रिव्हेटची दांडी पत्र्याबाहेर व्यासाच्या दीडपट दिसावी, म्हणजे हे बरोबर येतं. खाच कापलेली लहान गेज मिळते, ती लावून बघायचं. आडव्या स्टॅबिलायझरच्या, म्हणजे शेपटाच्या आडव्या पंखाच्या, मागच्या स्पारवर माझे चार रिव्हेट किंचित कलले. गेजमध्ये बसत होते, पण दिसायला वाकडे. बसवर मी असा रिव्हेट कधी ठेवला नसता. क्षणात काढून नवा मारला असता. इथेही तेच केलं. घाईत ड्रिल तिरका गेला, दोन भोकं अंडाकृती झाली, एका भोकाचं कडेपासूनचं अंतर कमी पडलं. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत निदान दोन व्यास धातू उरलाच पाहिजे, हा नियम आहे. तो मोडला की तो भाग गेला. स्पार नवीन मागवला, सात आठवडे थांबलो. एएमई साहेबांनी जुना स्पार हातात घेऊन बघितला आणि एवढंच म्हणाले, "ते चार राहू दिले असते तरी चाललं असतं."

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. वाईट दिसणारा रिव्हेट त्या दिवशी काढायचा नाही. मार्करनं गोल करायचा, वहीत लिहायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी गेज लावायची. काढायचाच असेल तर खळग्यात त्याच मापाच्या बिटनं फक्त डोक्याच्या उंचीइतकं ड्रिल करायचं, पंचनं डोकं हलवून तोडायचं, मागे डॉलीचा आधार देऊन दांडी हळूच बाहेर ढकलायची. पत्र्याला बिटचा स्पर्श होता कामा नये. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मे गोल आम्ही पुसून टाकतो, कारण ते रिव्हेट चांगले निघतात.

गनबद्दलही तेच. बसबॉडीची गन जड. इथे लहान थ्री-एक्स गन पुरते, आणि दाब कमी ठेवावा लागतो. जोर गनपेक्षा मागच्या डॉलीच्या वजनात असू द्या. आमची डॉली टंगस्टनची आहे. लोखंडाच्या जवळजवळ अडीच पट जड धातू, त्यामुळे मुठीत मावणारा ठोकळा भरपूर काम करतो आणि अरुंद जागेत जातो. डॉली पत्नी धरते. तिचे हात माझ्यापेक्षा बारीक, रिबच्या मधून सहज जातात. आमची भाषा ठरलेली आहे: ती "धरलं" म्हणते, मी "मारतो" म्हणतो, आणि ती "अहो, थांबा" म्हणाली की ट्रिगर सुटलाच पाहिजे, मग कारण काहीही असो. गन मारणाऱ्याला मागचं दिसत नाही. ज्याला दिसतं त्याचा शब्द शेवटचा. दोघांच्या कानाला मफ. अर्ध्या तासानंतर बोटं बधिर होतात, तेव्हा थांबायचं. आणि एक चष्मा फक्त या कामासाठी, हाताच्या अंतराचा, एकाच नंबरचा करून घ्या. रोजच्या प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून डोक्याच्या वरचं भोक नीट दिसत नाही.

म्हणून शेपटापासून सुरुवात करा, आणि त्याच्याही आधी सरावाचं छोटं किट घ्या. शेपूट पूर्ण होईपर्यंत पंखांची ऑर्डर देऊ नका. तेवढ्यात तुम्हाला कळतं की हे काम आपल्याला आवडतं की विमानाची नुसती कल्पना आवडते. मी लहानपणी सायकलवरून हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला जायचो आणि विंचनं वर खेचली जाणारी ग्लायडर कुंपणाबाहेरून तासन् तास बघायचो. मला तेव्हाही ती कशी बांधली असतील हेच बघायचं असायचं. ज्याला लवकर आकाशात जायचं आहे त्यानं पैसे शिकण्यावर घालावेत. खासगी वैमानिकाच्या परवान्याला निदान चाळीस तासांचं उड्डाण आणि वैद्यकीय तपासणी लागते, आणि बांधणीच्या वर्षांत उडणं मागे पडतं. आमच्याकडे उडवणार पुतणी. हे काम वाटून घेतलं म्हणून जमतंय.

पंखांतल्या इंधनाच्या टाक्या. यावर जरा थांबतो, कारण बसमध्ये असलं काही नव्हतं. या विमानात पंखाची पुढची कड हीच टाकी असते, प्रत्येक बाजूला सुमारे अडुसष्ट लिटरची. पत्रा आणि रिब यांच्यामध्ये सीलंट भरून रिव्हेट मारायचे. सीलंट दोन भागांचं, वजनानं दहाला एक असं मिसळायचं, म्हणून दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवा. मिसळल्यावर हातात साधारण दोन तास असतात, तेही पंचवीस अंशाला. एप्रिलच्या दुपारी पुण्यात चाळीस असतं, तेव्हा अर्ध्याहूनही कमी वेळात घट्ट व्हायला लागतं. आम्ही टाक्या डिसेंबर-जानेवारीत केल्या. सकाळी नऊला मिसळायचं, एका वेळी फक्त दोन-तीन रिबपुरतं. हातमोजे एकावर एक तीन घालायचे, वरचा खराब झाला की काढून टाकायचा. कपडे टाकून देण्याचे. जिथे लावायचं तो पत्रा आधी खरवडून आणि सॉल्व्हंटनं पुसून घ्यायचा, चमक उरली तर सीलंट धरत नाही. सीलंटचा डबा किटसोबत मागवून ठेवू नका, त्याची मुदत संपते. लागेल तेव्हा मागवा आणि गाळ्यात एक जुना फ्रिज ठेवा. घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नये, फार उग्र वास असतो.

मग गळती तपासायची. सगळी तोंडं बंद करायची, एका नळीला फुगा बांधायचा, सायकलच्या पंपानं अगदी थोडी हवा भरायची. जास्त दाब दिला तर टाकीच फाटते. मग साबणाचं पाणी फिरवायचं आणि फुगा दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचा. आमचा डाव्या टाकीचा फुगा रात्री टणक होता, पहाटे सहाला लोंबत होता. मला घाम फुटला. शंभरेक रिव्हेट काढायचे असं मनात आलं. पत्नी म्हणाली, "फेब्रुवारी आहे. रात्री बारा अंश, दुपारी बत्तीस. हवा आकसणारच. दुपारपर्यंत हात लावू नका." दुपारी दोनला फुगा परत टम्म. तिनं तीन दिवस दर दोन तासांनी तापमान आणि फुग्याचा घेर दोरीनं मोजून तक्ता केला. डाव्या टाकीचा आकडा त्याच तापमानाला तोच येत होता. उजव्या टाकीचा रोज थोडा कमी. म्हणजे जी चांगली दिसत होती तीच गळत होती. मागच्या भिंतीच्या दोन रिव्हेटशी साबणाचा अगदी बारीक, टाचणीच्या डोक्याएवढा फेस सापडला. तुम्ही फुगा लावाल तेव्हा शेजारी तापमापक ठेवा.

पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये प्रायमर आणि रंग नाही, कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडायचं, लाइनला पाणी अडवणारी गाळणी बसवायची. पत्र्यांवर निळं प्लास्टिक चिकटवलेलं येतं. ओरखडे येऊ नयेत म्हणून ते ठेवावंसं वाटतं, पण वर्षभर ठेवलं की खाली ओलावा धरून डाग पडतात. रिव्हेटच्या रांगेवरचं सोल्डरिंग गनच्या गरम टोकानं पट्टी वितळवून काढायचं, बाकीचं काम संपताच. क्रोमेट असलेला प्रायमर वापरणार असाल तर चांगला रेस्पिरेटर घ्या, रुमालानं भागणार नाही. त्यातलं क्रोमियम कॅन्सर करणारं आहे. आमच्या वयात "आता काय व्हायचंय" असं म्हणून चालत नाही, शेजारी नातवंडं खेळतात.

बोल्टला टॉर्क. सर्वांत जास्त लागणारा ३/१६ इंची बोल्ट फक्त वीस ते पंचवीस इंच-पौंडाला घट्ट करायचा असतो. गॅरेजमधला टॉर्क पाना इतकं खालचं मोजतच नाही आणि अनुभवी हात याच्या दुप्पट घट्ट करतो. लहान मापाचा पाना घ्या, आणि लॉकनट फिरवायलाच जेवढा जोर लागतो तो वर मिळवा. घट्ट केला की नटावर रंगाची रेघ मारा. रेघ नाही तो बोल्ट झालेला नाही. वायरिंगसाठी पुण्यातल्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, फिरायला मला फार आवडतं, पण तिथली पीव्हीसीची वायर विमानात घालू नका. जळाली तर बंद कॉकपिटमध्ये विषारी धूर होतो. टेफझेलची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या आवरणाची, वायर मागवा, टोकं चांगल्या क्रिंपरनं क्रिंप करा.

इंजिन शेवटी मागवा. शेपूट चालू असताना स्वस्तात इंजिन मिळतंय म्हणून घेणारे लोक असतात. ते चार वर्षं पेटीत पडून आतून गंजतं, आणि वॉरंटी पेटीतच संपते. आमचं ठरलंय, लायकॉमिंग ओ-३२०, १६० हॉर्सपॉवर. ठरवताना इंधन आधी बघितलं. आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि लायकॉमिंग इथेनॉलचं पेट्रोल मान्य करत नाही, त्यामुळे ॲवगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोलच लागणार. इंडियन ऑइलनं २०२२ मध्ये ॲवगॅस १०० एलएल देशात बनवायला सुरुवात केली. तरी जिथे विमान ठेवायचं तिथे ते आपल्याला नियमित मिळेल का, हे तुम्ही तिथे जाऊन विचारा.

गाळ्याच्या छताच्या गर्डरला भावानं चेन पुली बसवून घेतली आहे. इंजिन एकशे तीस किलोच्या आसपास, पण पुली पाचशेची घेतली. मागच्या रविवारी वाळूची पोती टांगून रात्रभर ठेवली, आणि सकाळी पत्नीनं वहीत वजन, वेळ आणि गर्डर किती मिलिमीटर झुकला ते लिहिलं. शून्य.